विष्णुपंतांच्या वाट्याचं उष्टं

माझे काका विष्णुपंत पाणी प्यायला लागले की बघणारा हातातलं काम विसरायचा. फुलपात्र ओठांपासून वीतभर वर धरून, मान मागे टाकून ते अशी धार सोडत की घोटाचा आवाजसुद्धा होत नसे. थेंब सदऱ्यावर नाही, हनुवटीवर नाही. बदलापूरच्या बेलवलीतल्या आमच्या घरी खेळायला येणारी मुलं ही धार बघायला थांबायची आणि आपापल्या घरी जाऊन करून बघायची. मग नाकात पाणी गेलेल्या पोराची पाठ थोपटत त्याची आई आमच्या घराच्या दिशेने काहीबाही बोलायची.

काकांचा राग माणसांवर नव्हता, लाळेवर होता. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ते स्टोअर्स ऑफिसर होते. तिथल्या टेबलावर त्यांनी स्वतःच्या खर्चाने ओला स्पंज ठेवला होता, कारण पाकीट चाटून बंद करणारा कारकून त्यांना जेवताना आठवायचा. बँकेतल्या कॅशियरने जिभेला बोट लावून नोटा मोजल्या की घरी आल्यावर काका त्या नोटांवर पाणी शिंपडत आणि पंख्याखाली पसरून ठेवत. सुहासिनीकाकू आल्यागेल्याला सांगायची, "बघा हो, आमच्याकडे पैसा इतका झालाय की वाळवायला जागा पुरत नाही."

माझा चुलतभाऊ गुरुदत्त लहान होता तेव्हा अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेत बासरीसाठी हटून बसला. बासरीवाला प्रत्येक बासरी ओठाला लावायचा, सूर काढून दाखवायचा आणि मग विकायचा.

"न वाजवलेली दे," काका म्हणाले.

"साहेब, वाजवल्याशिवाय ती वाजते हे कळणार कसं?"

"ते आम्ही घरी बघू."

सगळी जत्रा पालथी घातली, पण कुणाच्याही ओठाला न लागलेली बासरी मिळाली नाही. गुरुदत्तला डमरू मिळालं. सत्तावीस वर्षांचा झाला तरी बासरीचा आवाज कानावर पडला की तो बापाकडे एकदा बघून घेतो.

कारखान्यात काकांची आणखी एक ख्याती होती. माल कुठून आला हे पक्कं कळल्याशिवाय ते पावती देत नसत. ट्रक फाटकात उभा, ड्रायव्हरच्या विड्या संपलेल्या, मॅनेजर वरून ओरडतोय, आणि काका शांतपणे विचारतायत, "पाठवणाराचं नाव?" नाव मिळालं नाही तर ट्रक तसाच परत जाई. निवृत्त झाल्यावर स्पंज घरी आला, तशी ही सवयही आली.

या सगळ्या शिस्तीला एका ठिकाणी ठिगळ होतं. हेंद्रेपाड्याहून कौसाबाई भाजीची पाटी घेऊन यायची. शिराळी, माठ, वालाच्या शेंगा. सत्तरी कधीच उलटलेली, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून उभी राहत. ती काकांना "इष्णू" म्हणायची.

"ए इष्णू, भाजी घे रं. ऊन चढलाय."

काका मुकाट्याने भाजी घेत. भाजीवर पाणी शिंपडत ते वेगळं, पण त्या एकेरी हाकेवर कधी बोलले नाहीत. काकांचा जन्म बदलापूर गावातला आणि कौसाबाईचं माहेरही तिथलंच, एवढं आम्हाला माहीत होतं. जुनी ओळख असेल म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

आणि एक खिडकी होती. आमच्या माजघराची खिडकी हेंद्रेपाड्याच्या अंगाला उघडायची. दुपारी वारा फिरला की तिकडून सुकट भाजल्याचा वास यायचा. काका लगेच खिडकी लावायला उठत. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं, त्यामुळे उठणं बरोबरच होतं. पण खिडकीशी गेल्यावर ते बराच वेळ तिथेच उभे राहत.

"लावताय की हुंगताय?" काकू आतून विचारायची.

"कडी अडकलीय."

ती कडी कधीच अडकत नसे.

त्र्याण्णव सालच्या हिवाळ्यात काकांना खोकला धरला. काढे झाले, वाफारे झाले. बदलापुरातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसावर सावली होती. टीबी असणार म्हणून गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की ताट, वाटी, पेला वेगळा ठेवा.

काकू डोळ्यांना पदर लावून दवाखान्यातून बाहेर आली. काका मात्र मोठं बक्षीस लागल्यासारखे चालत होते. "बघ," ते म्हणाले, "लग्न झाल्यापासून मी हेच सांगतोय. आता डॉक्टरांनीच लिहून दिलं." वाटेत भांड्यांच्या दुकानात थांबून त्यांनी स्वतःसाठी स्टीलचा नवा संच घेतला आणि प्रत्येक भांड्यावर मशिनने आपलं नाव घालून घेतलं. त्या दिवसांत खोकता खोकता ते आपल्या नावाच्या पेल्याकडे इतक्या समाधानाने बघत की काकूला रडावं की ओरडावं कळेना.

गोळ्या चालू राहिल्या, खोकलाही चालू राहिला. काकांचे शर्ट ढगळ होत गेले. दुसऱ्या फोटोत सावली वाढलेली दिसली. शेवटी किशनचंदने तोंड उघडलं. किशनचंदचं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये प्लास्टिकच्या बादल्यांचं दुकान होतं. पूर्वी तो कारखान्याला रिकामे डबे पुरवायचा, तेव्हापासून दोघांची मैत्री. दर शनिवारी काका त्याच्या दुकानात तासभर बसत, चहा पीत, आणि तोही वरून धार सोडून.

"साईं," किशनचंद म्हणाला, "टीबी होता तो अब तक भाग जाता. बंबई चलो. बडा डॉक्टर देखेगा."

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टर सुनेत्राबाई चाळिशीच्या होत्या. भराभर बोलणाऱ्या आणि बोलता बोलता हसणाऱ्या. फोटो उजेडाला धरून त्यांनी सांगितलं की तोंडातून नळी घालून आतला तुकडा काढून बघू.

"ती नळी," काकांनी विचारलं, "आधी कुणाच्या तोंडात होती?"

"धुतो ना काका आम्ही. औषधात बुडवून ठेवतो."

"कशातही बुडवा. उष्टी ती उष्टीच."

डॉक्टरांनी आयुष्यात पुष्कळ नकार ऐकले असतील, हा बहुतेक नवा होता. गाठ बरगडीच्या जवळ होती म्हणून त्यांनी पाठीतून सुई घालून तुकडा काढायचं ठरवलं. सुईचं पाकीट काकांनी आपल्यासमोर फाडायला लावलं.

निकाल आला त्या दिवशी काका, काकू, गुरुदत्त आणि मी, असे चौघं डॉक्टरांच्या खोलीत बसलो होतो. टीबी नव्हता. लिम्फोमा होता. रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की तो बहुतेक वेळा मानेतल्या, काखेतल्या गाठींत होतो. थेट फुप्फुसात सुरू होणं विरळ, आणि भारतात फोटोवरून तो टीबीच वाटतो. इंजेक्शनं आहेत, बऱ्याच जणांना लागू पडतात, पण याच महिन्यात सुरू करायला हवीत, कारण सावली श्वासनळीकडे सरकतेय.

काकांनी सगळं बदलीची ऑर्डर वाचावी तसं ऐकून घेतलं. "ठीक आहे. सोमवारपासून?" त्यांनी विचारलं.

इथे गोष्ट संपली असती. पण डॉक्टरांना आपल्या कामाची हौस होती. काकांच्या परवानगीने त्यांनी त्याच तुकड्याचा एक पातळ काप अभ्यासासाठी ठेवून घेतला होता.

"तुमच्या पेशींमध्ये एका विषाणूच्या खुणा सापडल्यात," त्या म्हणाल्या. "एप्स्टाइन-बार नाव त्याचं."

"दोन आडनावं?"

"शोधणाऱ्यांची. या गाठीत त्याचा हात असू शकतो. असू शकतो म्हणतेय हं मी. फुप्फुसातल्या अशा काही गाठींत तो सापडतो, पुष्कळ गाठींत सापडत नाही. आम्ही सगळेच अजून बघतोय."

"आणि हा येतो कुठून?"

डॉक्टरांना काका अजून पुरते ठाऊक नव्हते. त्या सहज म्हणाल्या, "लाळेतून. उष्टंमाष्टं खाण्यातून."

कर्करोग हा शब्द ऐकून जागचे न हललेले काका खुर्चीतून उठले.

"कुणाचं?"

"काय कुणाचं?"

"कुणाचं उष्टं?"

डॉक्टर हसल्या. बाहेर रांग होती, पुढचा पेशंट आत आला. आम्ही निघालो. घरी आल्यावर काकांनी दारात चपला काढल्या, हातपाय धुतले आणि जाहीर केलं, "पाठवणाराचं नाव कळल्याशिवाय मी हा माल उतरवून घेणार नाही. इंजेक्शन बंद."

"अजून सुरू कुठे झालंय?" गुरुदत्त म्हणाला.

"मग सुरू होणार नाही."

सोमवार गेला. गुरुदत्तने आवाज चढवून बघितला, काकूने देवाच्या शपथा घालून बघितल्या. काका आपल्या नावाचा पेला समोर ठेवून बसून राहिले. जन्मभर राखलेल्या फाटकातून कुणीतरी परस्पर माल आत टाकला होता आणि त्यांना त्याचं नाव हवं होतं.

मग काकूनेच कंबर कसली. हवंय ना नाव, मग घ्या नाव. दुपारी जेवणं झाल्यावर ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"अहो, माझं नाव घाला."

"तुझं काय?"

"आमटीचं मीठ बघते मी. पळीने. पळी परत आमटीत जाते."

"कधी?"

"रोज. लग्न झाल्यापासून."

"धुऊन?"

"आमटी उकळत असते. धुवायला वेळ कुठे असतो?"

"मी तुला विचारायचो, मीठ इतकं बरोबर कसं पडतं. तू म्हणायचीस, हाताचा अंदाज."

"जिभेला कळलं की मग हाताला कळतं," काकू म्हणाली. आता सांगायलाच बसलीय म्हटल्यावर तिला जोर चढला. "आणि श्रीखंडाचं तर विचारूच नका."

आईचं धैर्य बघून गुरुदत्तलाही वाचा फुटली. देवघरापाशी काकांच्या पिण्याच्या पाण्याचा तांब्या असायचा. घरातलं सगळ्यांत गार पाणी तेच. लहानपणी क्रिकेट खेळून आलं की तो त्याच तांब्याला तोंड लावायचा.

"किती वेळा?" काकांनी क्षीण आवाजात विचारलं.

"बाबा, उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या."

शनिवारी किशनचंद भेटायला आला. काकूने त्याला चहा देता देता सगळं सांगितलं. त्याने चहा खाली ठेवला. त्याच्या दुकानात काकांचा एक स्वतःचा स्टीलचा ग्लास होता, कागदात गुंडाळून खिळ्याला टांगलेला. काका त्याच ग्लासातून चहा पीत, आणि किशनचंदच्या प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून त्या ग्लासाचं उदाहरण देत.

"साईं, गुस्सा मत करना," किशनचंद म्हणाला. "दुकान में गिलास एकच होता."

"म्हणजे?"

"बाकी काच के थे, टूट गये. तुम आते शनिवार को. बाकी दिन तो खाली ही लटकता था. मैंने सोचा, बेकार में क्यों..."

"पण तो कागदात गुंडाळलेला असायचा!"

"हां, शनिवारी सकाळी गुंडाळायचो ना."

मी तोंडाला ओढणी लावून आत पळाले. काकू आतच होती, ओट्याला धरून उभी, आणि तिचे खांदे हलत होते. आधी वाटलं रडतेय.

काकांनी त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत स्वतःचा स्टोव्ह मांडला. कारखान्यात हजारो पिंपांचा हिशेब ठेवलेल्या माणसाला वाटीभर तांदळाला पाणी किती हे ठाऊक नव्हतं. खाली करपलेला आणि वर कच्चा भात ते अभिमानाने खात, मग खोकत, मग भिंतीला टेकून श्वास गोळा करत. हसणं ओसरलं. रात्रीचा खोकला आता आमच्या खोलीपर्यंत ऐकू येत होता. "उष्ट्याने नाही मरायचे हे," काकू मला म्हणाली, "हट्टाने मरतील."

मी स्टेशनजवळच्या फोनच्या बूथवरून डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्या हसू आवरून म्हणाल्या, "आणा त्यांना. इंजेक्शन देत नाही म्हणावं. फक्त बोलते."

काका तयार झाले, कारण त्यांच्यापुढेही पेच होता. एका मालाचे तीन पाठवणारे निघाले होते. त्यांनी डॉक्टरांसमोर तिन्ही कबुलीजबाब तारीखवार मांडले. काकू खिडकीबाहेर बघत होती, गुरुदत्त बुटांकडे.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "काका," त्या म्हणाल्या, "हे तिघंही निर्दोष आहेत."

"पण त्यांनी कबूल केलंय."

"केलं असेल. पण आपल्याकडे हा विषाणू माणूस दोन-तीन वर्षांचा होईपर्यंतच येतो. एकदा आला की जन्मभर आत गपचूप बसून राहतो. मला आहे. यांना असणार. बाहेर बाकावर बसलेल्या बहुतेक सगळ्यांना आहे. कुणाला काही होत नाही. लाखात एखाद्याच्या बाबतीत तो गाठीत सापडतो. त्यानेच गाठ झाली की तो नुसता तिथे होता, हे अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही."

काकूने खिडकीबाहेरची नजर काढली.

"म्हणजे मी उगाचच सांगितलं?" काकू म्हणाली.

"तांब्याचं गुपितच राहिलं असतं," गुरुदत्त पुटपुटला.

काकांचा चेहरा मात्र उजळला होता. इतक्या लहानपणी त्यांना कोण भरवणार? आई. आणि आईच्या हातचं, तोंडचं काही उष्टं नसतं, हा त्यांच्या शास्त्रातला एकुलता एक अपवाद होता. पाठवणाराचं नाव मिळालं होतं आणि ते देव्हाऱ्यात ठेवण्यासारखं होतं. "सोमवारी येतो," ते म्हणाले, आणि रुग्णालयाच्या पायऱ्या माझा हात न धरता उतरले.

घरी आलो तेव्हा कौसाबाई दारासमोरच्या ओट्यावर पाटी उतरवून बसली होती. काकांना कुणाला तरी सांगायचंच होतं.

"कौसाबाई, लागला पत्ता. आईकडून आलं."

"काय आला?"

काकूने तिला सोप्या शब्दांत सांगितलं. छातीत गाठ आहे, त्यात एक बारीक जंतू सापडलाय, तो लहानपणी दुसऱ्याच्या तोंडच्या घासातून येतो, आणि यांना आई भरवायची.

कौसाबाईने पदराने मान पुसली. "तुजी आय?" ती म्हणाली. "तुज्या आयनं तुला कवा भरवला रं?"

काका दारातून मागे वळले.

"ती तापानं पडलेली नाय का. सगला पावसाला अंथरुणात. तिचा दूद आटला. तू वर्साचा, काडीवानी झालेलास. गाईचा दूद पचंना. तवा माजा पयला पोर होता मांडीवर, तुज्याच वयाचा. एक घास त्याला चावून द्यायची, एक तुला."

"चावून?" काकांनी विचारलं.

"मंग? दात व्हते का तुला?"

ओट्यावरच्या शिराळ्यांवर एक माशी बसली होती, तिच्याकडे आम्ही सगळे बघत होतो.

"वडिलांना..." काका म्हणाले, "वडिलांना ठाऊक होतं?" काकांचे वडील, ज्यांनी त्यांना पाण्याची धार शिकवली होती.

"तेच तांदलाची भाकर आनून द्यायचे. म्हनायचे, कौसे, बारीक चाव, त्याच्या नरड्यात अडकंल. आनि कुनाला बोलू नको. मी कशाला बोलतेय? आज तुमीच इचारलात." ती जरा थांबली आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. "सुकटीचा मातुर त्यांना ठावं नव्हता. ती माजी."

"सुकट?" काकू म्हणाली.

"भाकरीसंगं इवलीशी. नुसती भाकर गिलायचा नाय हा. सुकटीचा वास आला का चिमनीच्या पिलावानी चोच वासायचा."

मी काकूकडे बघितलं. ती माजघराच्या खिडकीकडे बघत होती.

काका ओट्याच्या कडेवर बसले. आमच्या देखत ते कधी धुळीत असे बसले नव्हते. आता पुन्हा सगळं उलटणार, सोमवार पुन्हा जाणार, असं मला वाटलं. त्यांना नाव मिळालं होतं, पत्त्यासकट.

आणि मग कौसाबाईच्या काहीतरी ध्यानात आलं. तिचा चढा आवाज एकदम खाली आला. "म्हंजे इष्णू, ह्यो रोग माज्या थुकीनं झाला म्हन की तुला."

"नाही," काका म्हणाले. इतक्या पटकन की त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत त्यांनी हात वर करून ठेवला, कुणी मध्ये बोलू नये म्हणून. "डॉक्टर म्हणाल्या, असू शकतो. असू शकतो म्हणजे आहे असं नाही. सगळ्यांच्यात असतो तो. सुहासिनीच्यात आहे. डॉक्टरांच्यात आहे. कशाने होतं ते त्यांनाच अजून माहीत नाही."

इतके दिवस ज्या 'असू शकतो'ला ते धुडकावत होते, तोच आता त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"तू म्हनशील," कौसाबाई म्हणाली. "पन तू मेलास म्हंजे? पाड्यावर बोलतील, कौसानं बामनाचा पोर जगवला आनि म्हातारपनी मारला."

"मी मरत नाही."

"कशावरनं?"

"सोमवारी इंजेक्शन आहे."

"जाशील ना? का परत तुजी ती पावती?"

"जाईन म्हटलं ना."

"मंग ठीक." ती उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि जाताना म्हणाली, "आज शिराली पान्यात बुचकलू नको. चव जाते." त्या दिवशी शिराळ्यांवर पाणी शिंपडलं गेलं नाही. दुपारी वारा फिरला तेव्हा काका अंथरुणावर पडून होते. कुणीच खिडकीपाशी गेलं नाही.

सोमवारी डॉक्टरांनी हसत विचारलं, "काय काका, नाव मिळालं का?"

"चौकशी बंद केली," काका म्हणाले आणि बाही वर केली.

पण निघताना डॉक्टरांनी आम्हाला पथ्यं सांगितली तेव्हा खरी गंमत झाली. या इंजेक्शनांनी अंगातली ताकद जाते, कुठलाही जंतू पटकन धरतो. म्हणून पाणी उकळलेलं. भांडी वेगळी. बाहेरच्या माणसाने जवळ यायचं नाही. आणि कुणाच्याही तोंडचं, चमच्यालाही लागलेलं, काही खायचं नाही. गुरुदत्त मान वळवून हसत होता. काकांचं सगळं शास्त्र, कलमवार, सरकारी शिक्क्यासह, त्यांच्या हातात आलं होतं.

पहिले काही दिवस त्यांनी ते मिरवलं. मग केस गेले, तोंड आलं, आणि सगळ्या वासांनी मळमळायला लागलं. फोडणीचा वास नको, उदबत्तीचा नको. खिडकीतून येणाऱ्या एका वासाबद्दल मात्र काकूने विचारलं, "लावू का?" तर डोळे मिटूनच म्हणाले, "राहू दे. वारा येतोय." कौसाबाई ओट्याच्या खाली, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरावर उभी राहून ओरडायची, "इष्णू, डब्यात आनू का इवलीशी?" आतून काका म्हणायचे, "गप!" त्या आवाजावरून आम्हाला त्यांच्या अंगात त्या दिवशी किती जोर आहे ते कळायचं.

आणि आमटी बिघडली. काकूने पथ्य तंतोतंत पाळलं. पळी तोंडाला लावायची नाही म्हटल्यावर तिने मीठ बघणंच सोडलं. आमटी एक दिवस अळणी, एक दिवस खारट.

"वेगळ्या चमच्याने बघ की," काका म्हणायचे.

"चमच्याने कळत नाही मला. सवय पळीची." आणि वर, "हाताच्या अंदाजाने घालतेय."

ती हे मुद्दाम करत होती, असं गुरुदत्तचं मत आहे. मी त्यात पडत नाही.

दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घेऊन काका परत येत आणि खारट आमटीशी मुकाट्याने भात कालवत. फोटोतली सावली आधी थांबली, मग आकसली. पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी नवा फोटो उजेडाला धरला आणि जुन्या जागी राहिलेली एक बारीक रेघ आम्हाला बोटाने दाखवली. तपासायला येत राहा, म्हणाल्या, पण पथ्यं आता सोडलीत तरी चालेल. त्यांचा अभ्यास चालूच होता. काकांच्या तुकड्याने त्याचं उत्तर दिलं होतं की नुसता प्रश्न वाढवला होता, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

कॅम्प चारमध्ये किशनचंदने नवा ग्लास घेतला. काकांनी तो कागदासकट परत केला आणि जुनाच मागितला. पाण्याची धार मात्र त्यांनी सोडली नाही. ती आता शिस्त नव्हती, कला होती, आणि बघायला मुलं थांबत.

पथ्यं सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू आमटी करत होती. काका जेवणाच्या वेळेआधीच स्वयंपाकघरात आले. डोक्यावर लहान बाळासारखं मऊ जावळ आलेलं. त्यांनी पातेल्यात पळी बुडवली, काठाला टेकवून निथळवली, फुंकर घालायचा मोह आवरला आणि काकूच्या तोंडासमोर धरली.

"मीठ बघ."

काकूने त्यांच्याकडे बघितलं, मग पळीला ओठ लावले. "कमी आहे," ती म्हणाली, आणि चिमूटभर मीठ टाकलं.

काका जागचे हलले नाहीत. पळी परत आमटीत जाईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.